जुना संगणक आणि नवी कार्यप्रणाली

कुंभकोणम् जवळील तिरुभुवनम् हे गाव रेशमी साड्यांसाठी प्रसिद्ध आहे. जकार्ड मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या आज्ञेने ताण्याचे धागे उचलले जाऊन नक्षी उमटते. पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते. परंतु मागाला जितके हुक असतील, त्या मर्यादेतच. संगणकाचेही तसेच आहे. त्याची सर्व अंगे चालविणाऱ्या मूळ आज्ञावलीस कार्यप्रणाली म्हणतात.

‘विंडोज १०’ची नित्याची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ‘विंडोज ११’ला मान्य प्रोसेसर, किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण व ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था लागते. हे सर्व असल्यास, माहितीची प्रत अन्यत्र ठेवून मगच बदल करावा. नसल्यास हलकी लिनक्स प्रणाली योजावी. मात्र आपले नित्याचे कार्यक्रम तिच्यावर चालतात की नाही, हे आधी पाहावे. दुरुस्ती न मिळणारा संगणक इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे होय.