जमिनीवरचे कोळी : निवास आणि कूळ

जमिनीवर वावरणारे सारे कोळी एकाच प्रजातीचे (निकटच्या जातींच्या गटाचे) असावेत, असा समज सहज होऊ शकतो; परंतु एका वाड्यात बिऱ्हाडे केली म्हणून भाडेकरू जसे एका कुळाचे ठरत नाहीत, तसेच येथेही वर्गीकरण निवासावरून नव्हे, शरीररचनेवरून होते. उदाहरणार्थ, लात्रेय या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०४ साली स्थापिलेल्या नाफोसा प्रजातीचे कोळी भक्ष्यासाठी जाळे न विणता रात्री हिंडून शिकार करतात व दिवसा दगडांखाली दडून राहतात. जबड्यावरील रुंद, दातेरी कंगोऱ्यावरून त्यांची प्रजाती ओळखू येते, तर जननेंद्रियांच्या घडणीवरून जात निश्चित होते. त्यांचा मुख्य अंमल युरोप, उत्तर आशिया व उत्तर अमेरिका या मुलखांत असला, तरी भारतीय कोळीतज्ज्ञ टिकादर यांनी १९७३ साली वर्णिलेली नाफोसा पूनाएन्सिस ही जात भारतातील आहे.