वाडीवरील कुत्रें कोणाचें?

गुराढोरांचे रोग, खतें, पाटपाणी, भाजीपाल्यावरील कीड यांविषयीं आपल्या मासिकांतून वेळोवेळीं लिहून येतें. परंतु जें जनावर आपल्या ओटीवर निजतें, वाडीची राखण करितें आणि ज्याला बाजारांत कांहींच मोल नाहीं, अशा कुत्र्यामांजराविषयीं चार शब्द लिहिण्याचें कोणी मनावर घेत नाहीं. गाय आजारी पडली कीं दुधाचा हिशेब चुकतो, म्हणून आपण धांवाधांव करितों. कुत्रें आजारी पडलें तर तें कुंपणाच्या कडेला जाऊन पडतें आणि दुर्गंधी सुटल्यावर आपणांस त्याची आठवण होते. ही उपेक्षा कुत्र्याला तर बाधतेच, पण घरांतल्या मुलाबाळांना त्याहून अधिक बाधते, म्हणून हा विषय आज हातीं घेतला आहे.

आमचें गास गांव नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस. केळीच्या व फुलांच्या वाड्या, पानवेली, मधून मधून बावखलें, असा हा मुलूख. अशा ठिकाणीं रात्रीं कुत्र्यावांचून कोणाचेंच चालत नाहीं. मात्र पूर्वीं वाडीवरचें कुत्रें वाडीपुरतेंच असे. आतां वाडीच्या कुंपणापलीकडे इमारती झाल्या, रस्त्यावर फटफट्यांची व शाळेच्या मोटारींची वर्दळ वाढली, आणि २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिकाही स्थापन झाली. कुत्र्याला मात्र हा फरक कोणी सांगितला नाहीं. तें पूर्वींप्रमाणेंच अनोळखी माणसावर धांवून जातें. पूर्वीं तें अनोळखी माणूस बहुधा चोर असे, आतां तें बहुधा शाळेस जाणारें मूल असतें.

आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जमीन कोणाची, कसणारा कोण, पीक कोणतें, झाडें किती, विहीर आहे कीं नाहीं, या सर्वांस रकाने आहेत. पशुगणनेंत कुत्र्यांचीही मोजदाद होते. पण गणती होणें निराळें आणि कोणी जबाबदार असणें निराळें. आमच्या आळींत एक तांबडें कुत्रें होतें. एका घरीं सकाळची भाकर, दुसऱ्या घरीं दुपारचा भात, तिसऱ्याच्या पडवींत रात्रीचा मुक्काम. राखणीचा लाभ तिघेही घेत. गेल्या मृगांत तें फुलें खुडावयास आलेल्या एका मुलीच्या पोटरीस चावलें. तेव्हां तिन्ही घरांतून एकच उत्तर आलें, "आमचें नव्हे तें." त्याला लस टोचली होती काय, हें सांगणारा कोणी नव्हता. त्याच दिवशीं पोरांनीं दगड मारून त्याला हुसकावून लावलें, त्यामुळें त्याच्यावर नजर ठेवण्याचीही सोय राहिली नाहीं. मुलीला पुऱ्या टोचण्या घ्याव्या लागल्या आणि तिची मजुरी बुडाली, ती तिघांपैकीं कोणींही भरून दिली नाहीं.

येथें कायद्याची एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. भारतीय दंड संहितेचें २८९ वें कलम होतें, तेंच १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत २९१ वें झालें. त्यांत जनावर कोणाच्या मालकीचें असें विचारलेलें नाहीं, कोणाच्या ताब्यांत असें विचारलें आहे. ताब्यांतील जनावरापासून माणसाला धोका पोंचूं नये अशी तजवीज न करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊं शकतात. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही, जनावर ज्याच्या ताब्यांत त्याला मालकच समजतो. आणि त्याच्या ११ व्या कलमाप्रमाणें कुत्र्याला सदोदित बांधून ठेवून फिरण्यास न सोडणें, किंवा त्याला उपाशी मरेल अशा स्थितींत टाकून देणें, हे दोन्ही गुन्हे आहेत. "आमचें नव्हे" हें उत्तर आळींत चालतें, कचेरींत चालेलच असें नाहीं. म्हणून जेथें दोन-तीन घरें मिळून कुत्रें संभाळतात, तेथें त्यांनीं एकत्र बसून एकाचें नांव ठरवावें, खर्चाची वांटणी करावी, आणि त्याच्या गळ्यांत पट्टा बांधावा. महानगरपालिकेकडे कुत्र्याच्या नोंदणीची काय व्यवस्था आहे याची चौकशी प्रभाग कार्यालयांत त्या नांवानेंच करावी.

आतां मुख्य भयाकडे वळूं. पिसाळलेल्या कुत्र्याचा विषार, ज्याला डॉक्टर रेबीज म्हणतात, तो एकदां अंगांत उठल्यावर त्यावर इलाज नाहीं. उठण्यापूर्वीं मात्र तो खात्रीनें टाळतां येतो. पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पहिली लस टोचली. आपल्याकडे १९०० सालीं कसौलीस संस्था निघाली, आणि प्रारंभीं देशाच्या निरनिराळ्या भागांतून चावलेलीं माणसें आगगाडीनें तेथवर जात. पोटांतील चौदा टोचण्यांची धास्ती पुष्कळांच्या मनांत अद्याप आहे. ती मेंढराच्या मेंदूपासून केलेली जुनी लस. ती आपल्या देशांत २००४ सालाअखेर बंद झाली. हल्लींची लस दंडांत देतात. कातडींत द्यावयाची असल्यास पहिला दिवस, तिसरा, सातवा व अठ्ठाविसावा असे चार खेप होतात. जखम खोल किंवा रक्त काढणारी असेल तर जखमेंतच निराळें औषध भरावें लागतें, तें टाळूं नये.

दवाखान्यांत जाण्यापूर्वींचें काम घरचें आहे, आणि तेंच बहुतेक ठिकाणीं होत नाहीं. चावलेली जागा वाहत्या पाण्याखालीं साबण लावून पंधरा मिनिटें घड्याळ पाहून धुवावी. वाडीवर मोटारपंप असतोच, त्याच्या धारेखालीं धुतली तरी चालेल. मिरचीची पूड, चुना, तेल-हळद, तंबाखू हीं जखमेंत भरण्याची चाल घातक आहे. चावा लहान, नुसता ओरखडा आहे, म्हणून थांबूं नये. मांजराच्या ओरखड्यालाही हाच नियम. आणि चावणाऱ्या कुत्र्याला मारूं नये. तें बांधून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी. दहा दिवसांनंतर तें खातेंपितें व धड असेल, तर चावलें तेव्हां त्याच्या लाळेंत विष नव्हतें असें समजतात, आणि डॉक्टर पुढील टोचण्यांविषयीं त्याप्रमाणें ठरवितात. मारलेलें कुत्रें असली कोणतीच साक्ष देत नाहीं. इकडे टोचण्या पहिल्या दिवसापासूनच सुरू कराव्या, दहा दिवसांची वाट पाहूं नये.

गोठा असलेल्या वाचकांसाठीं आणखी एक इशारा. गाय-म्हैस एकाएकीं चारापाणी सोडते, तोंडांतून लाळ गळते, आवाज बदलतो. आपण समजतों घशांत कांहीं अडकलें आणि कोपरापर्यंत हात घालतों. तिला मागें कधीं पिसाळलेलें कुत्रें चावलें असल्यास हा हात जिवावर बेततो. अशा वेळीं हात न घालतां पशुवैद्यास बोलवावें, आणि त्या जनावराचें दूध वापरूं नये.

कुत्र्याला लस टोचणें हा या सर्वांवरचा स्वस्त उपाय. पिल्लूं सहा ते आठ आठवड्यांचें झालें कीं डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांची लस सुरू करावी, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें ती चार महिन्यांपर्यंत पुरी करावी. पिसाळण्याची लस तिसऱ्या महिन्यांत, पुन्हां वर्षानें, आणि पुढें पशुवैद्य सांगतील तशी. लस बर्फाच्या थंडाव्यांत राहिली तरच गुण देते, तेव्हां कोठून तरी आणून उन्हांत दोन तास हिंडविलेली बाटली टोचून समाधान मानूं नये. जंताचें औषध पिल्लांना लवकर व वारंवार, मोठ्यांना साधारण दर तीन महिन्यांनीं. या साऱ्यांच्या तारखा एका वहींत लिहाव्या. सातबारा जपून ठेवणाऱ्या माणसाला एवढें कठीण नसावें.

वाडीवरील कुत्र्याला रोगापेक्षां आपल्याच औषधांनीं अधिक वेळां मरण येतें. उंदरांसाठीं झिंक फॉस्फाइडची काळपट पूड भरडींत कालवून आपण बांधावर ठेवितों. ती कुत्र्यानें खाल्ली तर तिला उतारा नाहीं. विषानें मेलेले उंदीर मांजरानें खाल्ले तरीही धोका आहे. आमिष बिळांत आंत खोल घालून बीळ बुजवावें, उरलेलें व मेलेले उंदीर सकाळीं उचलून पुरावे. दुसरी चूक गोचिडांची. पावसाळ्यांत कुत्र्याच्या कानांत गोचीड भरली कीं पिकावर फवारण्याचें कीटकनाशक अंदाजानें पाण्यांत टाकून त्याला न्हाऊं घालणारे गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. कुत्रें अंग चाटतें, आणि तें विष पोटांत जातें. जनावरांसाठीं केलेलें औषधच वजनाच्या प्रमाणांत वापरावें.

आमच्याकडे पावसांत वाड्यांतून पाणी सांचतें, बावखलें भरून वाहतात. उंदीर, गुरें आणि कुत्रीं यांच्या मुतांतून लेप्टोचा रोग या पाण्यांत उतरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईंत त्यानें किती माणसें नेलीं हें पुष्कळांस स्मरत असेल. कुत्र्याच्या लशींत त्याच्या कांहीं जातींवरची लस मिळते, ती मागून घ्यावी; आणि आपण स्वतः पायाला जखम असतां त्या पाण्यांत अनवाणी उतरूं नये.

खाण्याविषयीं थोडेंच. भात, भाकर आणि अंडें किंवा ताजी मासळी उकडून पुरे. सुक्या बोंबलांत मीठ फार, शिजविलेलें हाड मोडून आंतड्यांत रुततें, आणि कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट हीं कुत्र्याला विषासमान. पाण्याचें भांडें मात्र दिवसांतून दोनदां धुवावें. दिवसा बांधलें तर साखळी लांब व सांवलींत असावी, आणि सकाळ-संध्याकाळ कोणी तरी त्याला फिरवून आणावें. रात्रंदिवस आंखूड साखळीला बांधलेलें कुत्रें राखणदार होत नाहीं, तें केवळ चावरें होतें.

पिल्लांचा प्रश्न मात्र कोणी बोलून दाखवीत नाहीं. कुत्री वर्षांतून साधारण दोनदां माजावर येते, सुमारें त्रेसष्ट दिवसांनीं विते. नर पिल्लूं कोणी तरी नेतो. माद्या गोणींत घालून खाडीवर किंवा बाजाराच्या आवारांत सोडून देतात. ज्या पाप्याला गाईच्या कालवडीची दया येते त्याला ही येऊं नये याचें नवल वाटतें. हींच पिल्लें पुढें रस्त्यावरचीं कुत्रीं होतात आणि मग आपणच महानगरपालिकेच्या नांवानें ओरडतों. मारून हा प्रश्न सुटत नाहीं. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईंत सरकारी हुकुमानें कुत्रीं मारण्यास प्रारंभ झाला तेव्हां पारशी लोकांनीं दंगा केला, आणि मुंबईचीं कुत्रीं आहेत तशींच राहिलीं. २०२३ च्या नियमांप्रमाणें रस्त्यावरचीं कुत्रीं पकडून, निर्बीज करून व लस टोचून पुन्हां त्याच जागीं सोडतात. कानाचें टोक छाटलेलें दिसलें तर तें काम झालेलें आहे असें ओळखावें. घरच्या कुत्रीची शस्त्रक्रिया मात्र ज्याचें नांव ठरलें त्यानेंच करून घ्यावी. जवळ सोय नसल्यास परळास १८८३ पासून चालू असलेलें बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचें रुग्णालय आहे, आणि फुलें घेऊन दादरास जाणाऱ्या आमच्या लोकांना परळ काहीं लांब नाहीं.

मांजराविषयीं एकच गोष्ट राहिली. कुत्र्याच्या गोचिडांचें जें औषध मानेवर टाकतात, त्यांतील पर्मेथ्रिन असलेलें औषध मांजराला चुकूनही लावूं नये. त्यानें तें तडफडून मरूं शकतें. कुत्र्याला तें लावलें असल्यास तें वाळेपर्यंत मांजराला त्याच्या अंगाशीं निजूं देऊं नये.