टायरची आतली कड

मंडळी, दिवाळीच्या कार्यक्रमाला निघण्याआधी पाच मिनिटे गाडीच्या टायरांसाठी काढा. गेल्या वर्षी आम्ही ती काढली नाहीत, आणि भर पावसात, मागे मुले बसलेली असताना, हायवेवर गाडी घसरली. थोडक्यात निभावले. नंतर पाहतो तर पुढच्या टायरची बाहेरची कड नव्यासारखी, आतली मात्र गुळगुळीत! स्टिअरिंग पूर्ण वळवल्याशिवाय ती दिसतच नाही.

झीज कुठे आहे त्यावरून कारण कळते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी; मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर बहुधा अलाइनमेंट बिघडलेली, आमच्यासारखी. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि बॅलन्सिंग तपासून घ्या.

थंडीत तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरले की दाब सुमारे १ पौंडाने घटतो. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. टायरवरचा आकडा कमाल मर्यादेचा. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजावी.

शेवटी, खाचेत पेनी उलटी धरा, आत, मध्ये आणि बाहेर. एके ठिकाणी जरी लिंकनचे पूर्ण डोके दिसले तरी टायर बदला. मग कार्यक्रमाला सुखरूप या!