शिक्षा बापाला, ओझे लेकराला?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दुपारच्या सुट्टीत मुले खिचडी खायला ओळीने बसली होती. सातवीच्या ओळीत एका मुलाच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. त्याच्या वडिलांना चोरीच्या गुन्ह्यात पोलिसांनी नेल्याला आठ दिवस झाले होते. बाकीच्या मुलांना कोणी मुद्दाम काही शिकवले नव्हते. पण त्यांनी घरी मोठ्यांचे बोलणे ऐकले होते.

त्याच आठवड्यात दोन पालक माता शाळेत आल्या. "सर, हमारे बच्चे को उस के बाजू में नक्को बिठाओ," एक जण म्हणाली. मी त्यांची समजूत घालायला हवी होती. वाद नको म्हणून मी त्या मुलालाच शेवटच्या बाकावर एकटे बसवले. त्याने कारण विचारले नाही. दप्तर उचलले आणि जाऊन बसला. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. घर चालवायला आईने मुकादमाकडून उचल घेतली होती. वडवणी परिसरातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यांतल्याच एका टोळीबरोबर ती गेली. धाकट्या बहिणीला सांभाळायला तोही गेला.

वडिलांवरचा आरोप खोटा नव्हता. तो न्यायालयात सिद्ध झाला, शिक्षा झाली आणि ती भोगून ते परत आले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण निर्दोष माणसाविषयी कळवळा वाटणे सोपे असते. येथे प्रश्न दोषी माणसाचा आहे. वडिलांना न्यायालयाने शिक्षा दिली. मुलाला मात्र मी दिली, आणि माझ्या शिक्षेला मुदत नव्हती.

शिक्षा हवीच

यावर कोणी म्हणेल, मग गुन्हेगारांना मोकळे सोडायचे का? मुळीच नाही. आपल्याच जिल्ह्यात, केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. पवनचक्की प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीच्या आड आल्याने त्यांना मारले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. आरोपींवर मकोका लावण्यात आला. त्या हत्येचे फोटो बाहेर आले तेव्हा जिल्ह्यातील घराघरात लोक सुन्न झाले. अशा वेळी 'माफ करा' म्हणणे हा जुलूम सोसणाऱ्यांवर दुसरा जुलूम ठरेल.

वशिला लावून शिक्षा टाळणेही इस्लामला मान्य नाही. मक्का विजयाच्या काळात मखजूम या प्रतिष्ठित कबिल्यातील एका स्त्रीने चोरी केली. तिला सोडावे म्हणून लोकांनी प्रेषितांचे (स.) लाडके हजरत उसामा (रजि.) यांना रदबदलीसाठी पाठवले. प्रेषित (स.) नाराज झाले. मोठ्यांना सोडायचे आणि दुबळ्यांना पकडायचे, यामुळेच पूर्वीचे समाज नष्ट झाले, असे त्यांनी लोकांना बजावले. आपली मुलगी फातिमा असती तरी हाच न्याय झाला असता, हेही त्यांनी स्पष्ट केले. आज आपल्या गल्लीतला मुलगा पकडला गेला की आपण आधी नगरसेवकाला फोन लावतो. ही गोष्ट तेव्हा आठवायला हवी.

पण कोणाला?

मस्साजोगच्या घटनेनंतर बीडमध्ये दुसरेही काही घडले. गुन्हा ठराविक माणसांचा, पण संशयाने पाहिले जाऊ लागले ते अख्ख्या जातीकडे. आडनाव ऐकले की समोरच्याचा चेहरा बदलू लागला. शेवटी जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी २०२५ च्या सुरुवातीला पोलिसांना एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायला सांगितले. छातीवरच्या पट्टीवरूनही आडनाव काढले गेले. आडनाव लपवल्याशिवाय पोलिसावरही विश्वास बसू नये, इतके आपण घसरलो होतो.

एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याकडे बोट दाखवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. कुठे काही घडले की भाड्याने घर मागायला गेलेल्या आपल्या मुलाला नाव विचारले जाते. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या दंगलीतील एका आरोपीचे घर पाडण्यात आले. खटला उभाही राहिला नव्हता, आणि घर त्याच्या वृद्ध आईच्या नावावर होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोवर घर पडले होते. पुढे महापालिका आयुक्तांनी न्यायालयाची माफी मागितली.

त्याआधी चारच महिने, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, अमरावतीचे सुपुत्र न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने याविषयी निकाल दिला होता. कोणी आरोपी आहे, किंवा दोषी ठरला आहे, एवढ्यावरून त्याचे घर पाडता येणार नाही. दोषी कोण हे ठरवणे प्रशासनाचे काम नाही. आणि एकाच्या आरोपासाठी सगळ्या कुटुंबाचे छप्पर काढणे ही सामूहिक शिक्षा आहे, असे न्यायालयाने म्हटले. अनधिकृत बांधकाम असले तरी किमान पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली.

हा निकाल आला तेव्हा आपल्याला बरे वाटले. वाटायलाच हवे. परंतु बंधू-भगिनींनो, मी त्या मुलाला शेवटच्या बाकावर बसवले तेव्हा काय केले? बुलडोझर नव्हता, एवढाच फरक. एकाचे ओझे दुसरा उचलणार नाही, हे तत्त्व पवित्र कुरआनात एकदा नव्हे, अनेकदा आले आहे. ते आपण दुसऱ्यांना ऐकवतो. स्वतःच्या मोहल्ल्यात मात्र चोराच्या बहिणीचे स्थळ नाकारतो, त्याच्या भावाला कामावर ठेवत नाही, त्याच्या घरच्या लग्नाला जात नाही.

जमातीने किंवा पंचायतीने कुटुंबावर बहिष्कार टाकणे आता कायद्यानेही गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि खिचडीच्या ओळीतील रिकाम्या जागेवर कोणता कायदा बोट ठेवणार? ते आपल्यालाच करावे लागेल.

आणि कधीपर्यंत?

दारू प्यायलेल्या एका माणसाला प्रेषितांच्या (स.) समोर आणले गेले. त्याला शिक्षा झाली. तो निघाल्यावर एकाने त्याला शाप दिला. प्रेषितांनी (स.) त्या शाप देणाऱ्याला अडवले. आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, असा त्यांचा आशय होता. शिक्षा झाल्यावरही तो माणूस 'भाऊ'च राहिला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या राज्यातही हा विचार नवा नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत आहे. १९३९ च्या सुमारास औंध संस्थानात ती सुरू झाली. तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. आपल्या मराठवाड्यातही पैठणला खुले कारागृह आहे. सरकार कैद्याच्या हाती खुरपे देऊन त्याच्यावर विश्वास टाकते. आपण मात्र सुटून आलेल्याला हमालीचे कामही देत नाही, आणि तो पुन्हा चोरी करू लागला की 'आम्ही म्हणत नव्हतो का' असे म्हणतो.

म्हणून एवढेच करू या. आपल्या ओळखीतला कोणी गुन्हा करील तर त्याला लपवू नये, कायद्याच्या हवाली करावे. तो तुरुंगात असताना त्याच्या घरी रेशन आहे का आणि मुलांची शाळा चालू आहे का, हे जमातीने पाहावे. तो सुटून आला की जुम्याला त्याच्या शेजारी उभे राहावे आणि त्याला काम द्यावे. आणि मातांनो, घरात मुलांसमोर बोलताना गुन्ह्याला वाईट म्हणा, त्या घरच्या मुलाला नाही.

तो मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. दहावीला बाहेरून बसण्यासाठी लागणाऱ्या सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती घेऊन मागच्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. शेवटच्या बाकाबद्दल त्याची माफीही मागितली. आई लगेच हो म्हणाली. वडील मान खाली घालून बसले होते. तो मात्र काहीच बोलला नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे, इन्शाअल्लाह.