वॉरंटधारी ते फरारी: बिली द किडची उलटी वाट

१८ फेब्रुवारी १८७८ रोजी न्यू मेक्सिकोतल्या लिंकन परगण्यात जॉन टन्स्टॉल या इंग्रज व्यापाऱ्याचा खून झाला. मारेकरी शेरीफ विल्यम ब्रॅडीने जप्तीसाठी धाडलेल्या टोळीतले होते. मग फिर्याद न्यायची कुणाकडे?

लिंकनमध्ये तेव्हा मर्फी-डोलन पेढीचं राज्य होतं. फोर्ट स्टँटनची लष्करी छावणी आणि मेस्कालेरो अपाची वसाहत यांना गोमांस पुरवण्याची सरकारी कंत्राटं तिच्याकडे, गावाची उधारी तिच्या वहीत आणि शेरीफही तिच्या बाजूचा. टन्स्टॉलने वकील अलेक्झांडर मॅकस्वीनच्या साथीने त्याच गावात दुसरं दुकान थाटलं, हा त्याचा खरा गुन्हा.

गावचा न्यायाधीश जॉन विल्सन याने खुन्यांविरुद्ध वॉरंटं काढली आणि ती बजावायला टन्स्टॉलच्याच गड्यांना अधिकार दिले. हे ‘रेग्युलेटर्स’. त्यांच्यात विशीही न गाठलेला एक पोरका मुलगा होता. मूळ नाव हेन्री मॅककार्टी, सांगायचं नाव विल्यम बॉनी. जग त्याला बिली द किड म्हणून ओळखतं.

मार्चमध्ये गव्हर्नर ॲक्सटेलने विल्सनची नेमणूकच बेकायदा ठरवली आणि कालपर्यंत वॉरंट घेऊन फिरणारे एका जाहीरनाम्याने कायद्याबाहेर गेले. म्हणून बिली निर्दोष ठरत नाही. १ एप्रिलला दबा धरून ब्रॅडीला मारणाऱ्यांत तो होता. जुलैत पाच दिवस लढाई पेटली, फौज तोफेसह गावात उतरली आणि मॅकस्वीन मारला गेला.

वॉशिंग्टनने ॲक्सटेलला हटवून लू वॉलेसला पाठवलं. हाच पुढे ‘बेन-हर’चा लेखक. मार्च १८७९मध्ये वॉलेस बिलीला गुपचूप भेटला. मॅकस्वीनच्या विधवेचा वकील चॅपमन याचा खून बिलीने पाहिला होता. साक्ष दे, माफी देतो, असा सौदा ठरला. बिलीने साक्ष दिली. पेढीचा भागीदार डोलन याच्यावर आरोपपत्र दाखल झालं, शिक्षा मात्र झाली नाही. माफीही आली नाही. बिली निसटला, गुरं चोरू लागला आणि त्याच वॉलेसने त्याच्यावर ५०० डॉलरचं इनाम लावलं.

डिसेंबर १८८०मध्ये शेरीफपदी निवडून आलेल्या पॅट गॅरेटने त्याला पकडलं. ब्रॅडीच्या खुनाबद्दल मेसिया इथे फाशीची शिक्षा झाली. त्या साऱ्या रक्तपातात दोषी ठरलेला हा एकटाच. फाशीसाठी त्याला लिंकनच्या कचेरीत ठेवलं. ती इमारत म्हणजे मर्फी-डोलन पेढीचंच जुनं दुकान. २८ एप्रिल १८८१ला दोन पहारेकऱ्यांना ठार करून तो तिथून पळाला. १४ जुलैच्या रात्री फोर्ट समनरमध्ये गॅरेटने त्याला गोळी घातली.

२०१०मध्ये गव्हर्नर बिल रिचर्डसन यांच्यापुढे माफीचा प्रश्न पुन्हा आला आणि त्यांनी नकार दिला. त्या दोन पहारेकऱ्यांचे जीव पाहता नकार समजण्यासारखा आहे. पण बिलीचा हिशेब दोनदा झाला. टन्स्टॉलच्या खुनाचा कोणत्याही न्यायालयात एकदाही झाला नाही.