हॉपकिन्सन दांडा : धडक मोजायची कशी?

धडकेत पोलाद किती भार सोसेल, हे सावकाश दाबणाऱ्या यंत्रावर कळत नाही. वेगाबरोबर त्याची ताकदही बदलते. म्हणून दोन लांब, सरळ दांड्यांमध्ये धातूची छोटी चकती धरतात. हवेच्या दाबाने सोडलेला तिसरा दांडा पहिल्यावर आदळतो. पोलादी दांड्यातून दाबलहर सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने धावते. थोडी चकतीतून पार होते, थोडी परतते. दांड्यांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज, म्हणजे सूक्ष्म आकुंचन-प्रसरण मोजणाऱ्या पट्ट्या, दोन्ही टिपतात. चकतीला हातही न लावता तिच्यावरचा ताण काढता येतो, ही यातली खरी हुशारी! बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी १९१४ मध्ये दांड्याने दाब मोजला. दोन दांड्यांमध्ये नमुना धरण्याची हर्बर्ट कोल्स्की यांची पद्धत १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली.