गालिबच्या घराची लाखोरी वीट

जुन्या दिल्लीतलं बल्लीमारान. चपला-बूट आणि चष्म्यांच्या दुकानांनी दोन्ही बाजू भरलेल्या. सायकल-रिक्षांची गर्दी, डोक्यावर तारांचं जाळं. नाव एकेकाळी इथे राहणाऱ्या, वल्ही मारणाऱ्या नावाड्यांवरून पडलं म्हणतात. या बाजारातून आत वळलं की लागते गली कासिम जान, आणि तिच्या तोंडाशीच विटांची एक कमान. भला मोठा लाकडी दरवाजा. हीच मिर्झा गालिबची हवेली!

१९८८ साली दूरदर्शनवर गुलजारांची ‘मिर्झा गालिब’ मालिका लागली आणि नसीरुद्दीन शाहच्या रूपाने गालिब मराठी घराघरांत पोचला. पण त्याच सुमारास गालिबच्या खऱ्या घरात काय होतं? दुकानं! शायराच्या खोल्यांत माल रचला जात होता.

स्वतःचं घर कधीच नाही

गालिबचा जन्म आग्र्याचा, २७ डिसेंबर १७९७ चा. लग्न तेराव्या वर्षी झालं आणि थोड्याच वर्षांत दिल्ली हेच त्याचं गाव झालं. मात्र या गावात त्याने स्वतःचं घर कधी बांधलं नाही. आयुष्य गेलं ते दुसऱ्यांच्या घरांत. शेवटची वर्षं या हवेलीत गेली. ती त्याला एका चाहत्या हकिमाने राहायला दिली होती, असं सांगतात. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी त्याचं निधन झालं.

गालिबची पत्रं वाचणाऱ्यांना त्याच्या घरांची एक तक्रार पाठ असते: पावसात गळणारं छप्पर! कवीची गंमत म्हणून ती सोडून देता येईल. पण जुन्या दिल्लीच्या विटांच्या घरांचा खरा शत्रू कोण, हे त्या तक्रारीत नेमकं आलं आहे. तो शत्रू म्हणजे पाणी.

तळहाताएवढी वीट

हवेलीची भिंत जवळून पाहिली तर नवल वाटतं. आजच्या विटेपुढे ही वीट म्हणजे बिस्किटच! जाडी जेमतेम इंचभर, आकार तळहाताएवढा. हिचं नाव लाखोरी. मोगलांच्या काळात उत्तर हिंदुस्थानात घरं, मशिदी, पूल सगळीकडे हीच वापरली गेली. पातळ असल्यामुळे ती भट्टीत आतपर्यंत नीट भाजली जाई आणि लहान असल्यामुळे कमानी, खांब, कोनाडे घडवायला सोपी पडे. पुढे इंग्रजी मापाची मोठी वीट आली आणि लाखोरी मागे पडली.

विटा जोडायला सिमेंट नव्हतं. चुना आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी, त्यात गूळ, उडदाची डाळ, बेलफळाचा गर असे जिन्नस. स्वयंपाकघरातले हे पदार्थ चुन्याला चिकटपणा आणि बळकटी देत.

हवेलीची रचना मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. आपल्या वाड्याला देवडी, तशी इथे ड्योढी. आपला चौक, तसा इथला सहन. चौकाभोवती कमानींचे दालान, त्यामागे खोल्या. अनेक हवेल्यांत दारातून सरळ आत दिसू नये म्हणून वाट मुद्दाम वळवून नेलेली असते. जाड भिंती आणि उघडा चौक यांमुळे दिल्लीचा उन्हाळाही थोडा सुसह्य होतो. पुण्याचा शनिवारवाडा आठवा: खाली दगड, वर वीट आणि लाकूड. हवामान वेगळं, पण शहाणपण तेच.

दुकानांतून स्मारक

गालिबच्या घराच्या दुरवस्थेविरुद्ध लोकांनी आवाज उठवला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. अखेर १९९९ मध्ये दिल्ली सरकारने हवेलीचा काही भाग ताब्यात घेतला. लाखोरी विटा, लाल दगड आणि लाकडी दरवाजा वापरून एकोणिसाव्या शतकातलं रूप पुन्हा उभं केलं. पुढे तिथे छोटं संग्रहालय झालं. मूळ वास्तूचा तो तुकडाच म्हणायचा. तरी तुकडा वाचला!

इथे मराठी माणसाचा हातही लागला आहे. संग्रहालयातला गालिबचा अर्धपुतळा घडवला सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी. गुलजारांनी करवून घेतलेल्या या पुतळ्याचं अनावरण डिसेंबर २०१० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री शीला दीक्षित यांच्या हस्ते झालं.

सिमेंटची माया नको

गालिबच्या नावामुळे हे घर वाचलं. पण आसपासच्या गल्ल्यांत बिननावाच्या कितीतरी हवेल्या आहेत. वाटण्या होतात, चौकात भिंती उठतात, खालचा मजला गोदाम होतो. जिथे दुरुस्ती होते, तिथेही बऱ्याचदा घात होतो. कारण गिलावा सिमेंटचा असतो. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हात सोडते. वरून सिमेंट लावलं की ओल आतच कोंडते. मग भिंतीला लोणा लागतो, विटेचा भुगा होऊन पडतो. बाहेरून चकाचक दिसणारी भिंत आतून पोखरलेली असते. आपल्या गावचा जुना वाडा दुरुस्त करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

नीट काम केलं तर जुनं घर जगतं, याचा पुरावाही जवळच आहे. १८८७ ची धरमपुरा हवेली काही वर्षं खपून सावरली गेली. २०१६ मध्ये ती हॉटेल म्हणून खुली झाली आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत तिला गौरवाचा उल्लेख मिळाला.

दिल्लीला गेलात, तर लाल किल्ला पाहून लगेच परतू नका. चांदनी चौकातून बल्लीमारानमध्ये शिरा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, फक्त सोमवारी जाऊ नका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या छपराखाली राहिलेल्या शायराच्या नावाने आता एक घर आहे. त्याचं छप्पर गळू न देणं, एवढं मात्र आपल्या पिढीच्या हातात आहे.